कान वाहणाऱ्या पोराला मठ्ठ कोण ठरवतं?

आपल्या वस्त्यांमध्ये काही आजारांना आजार म्हणायची पद्धतच नाही. कान वाहणं हा त्यातला पहिल्या नंबरचा. ताप आला की दवाखाना, जुलाब झाले की सलाईन, पण कानातून पू येतोय म्हटल्यावर घरातली मोठी माणसं सांगतात, "लहानपणी सगळ्यांचेच वाहतात, मोठं झालं की थांबतं." मग उशीवर पिवळे डाग पडत राहतात, कानात कापसाचा बोळा बसतो आणि तो बोळा पोराच्या चेहऱ्याचाच एक भाग होऊन जातो. पोर कसंबसं वरच्या वर्गात ढकललं जातं. नववीत नापास होतं, शाळा सुटते, बापाच्या हाताखाली सेंटरिंगच्या कामाला लागतं. त्या नापास होण्याचा आणि त्या बोळ्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी तो संबंध जोडते. आणि तो जोडायला आपण एवढा उशीर का लावला, हा प्रश्न मला आपल्याच लोकांना विचारायचा आहे.

मागे एका बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "ताई, अत्याचाराच्या केसेस पडल्यात, शिष्यवृत्ती अडकलीय, आणि तुम्ही कान घेऊन बसलात?" त्यांचा राग मी समजू शकते. पण ज्या शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो, तिथपर्यंत पोचायच्या आधीच जे पोर वर्गातून गळतं त्याचं काय? सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली 'द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन' या पुस्तकात एक साधा फरक करून दाखवला. एका माणसाची नोकरी गेली तर ती त्याची खाजगी अडचण, पण हजारोंची गेली तर तो समाजरचनेचा प्रश्न. एका घरात एका पोराचा कान वाहत असेल तर ती त्या आईची अडचण. एकाच वस्तीत गल्लीगल्लीला वाहत असेल तर ती निव्वळ आईची अडचण कशी राहील?

आधी आजार समजून घेऊ. आपला मधला कान एका बारीक नळीने घशाच्या मागच्या भागाशी जोडलेला असतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की नाका-घशातले जंतू त्या नळीतून सहज वर चढतात, मधल्या कानात पू साठतो, पोर रात्रभर रडतं आणि पहाटे कानाचा पडदा फुटून पू बाहेर येतो. दुखणं थांबतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. बहुतेक मुलांत तो पडदा खरंच आपोआप भरूनही येतो. पण जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे सर्दी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. चुलीचा धूर किंवा बापाच्या बिडीचा धूर त्याच खोलीत कोंडतो, पोटात पुरेसं अन्न जात नाही, आणि पडदा भरायच्या आधीच पुढची सर्दी येते. छिद्र कायमचं राहतं. त्यातून बाहेरचं पाणी आत जातं, बाहेरचे जंतू आत जातात, आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कान वाहत राहिला की डॉक्टर त्याला मधल्या कानाचा जुनाट संसर्ग म्हणतात. त्यांच्या भाषेत सीएसओएम.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या आजारावर एक अहवाल काढला. जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान असे वाहतात आणि त्यातल्या साठ टक्के लोकांचं ऐकणं लक्षात येण्याइतकं कमी झालेलं असतं, असा त्यांचा अंदाज. मला त्यातली देशांची यादी जास्त बोलकी वाटते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. चार टक्क्यांच्या वर असलेल्या सगळ्यात वरच्या गटात भारत, टांझानिया, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियातले आदिवासी. लक्षात घ्या, ऑस्ट्रेलिया हा देश त्या यादीत नाही, ऑस्ट्रेलियातले आदिवासी आहेत. त्याच देशातल्या गोऱ्या मुलांच्या कानाला हा रोग असा धरत नाही. जंतू तेच आणि कानाची रचनाही तीच. फरक घराचा, पाण्याचा, अन्नाचा आणि डॉक्टर किती कोसांवर आहे याचा. जंतू जात विचारत नाही हे खरं, पण आपल्या देशात घर, पाणी आणि अन्न यांची वाटणी जात विचारूनच झालेली आहे.

आता शाळेत या.

पडद्याला छिद्र असलेल्या आणि आतली हाडं थोडीफार झिजलेल्या मुलाचं ऐकणं साधारण वीस ते पन्नास डेसिबलने कमी झालेलं असतं. चाळीस डेसिबल कमी म्हणजे काय? बाईंचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं त्याला कुजबुजीसारखं ऐकू येतं. पंखा चालू असेल, शेजारचा वर्ग पाढे म्हणत असेल, तर तेही नाही. असं मूल हाक मारल्यावर वळत नाही, श्रुतलेखनात भलतंच लिहितं, प्रश्न विचारला की शेजारच्याकडे बघतं. मास्तर काय म्हणतात? "लक्ष नाही." "डोकं नाही." आणि पोर आपल्या वस्तीतलं असेल तर पुढचं वाक्य तोंडात तयारच असतं: "यांच्या घरात वातावरणच नाही." दुसऱ्या आळीतलं मूल ऐकेनासं झालं तर निदान त्याच्या आईला बोलावून "कान दाखवून घ्या" असं सांगितलं जातं. आपल्या पोराच्या बाबतीत कानापर्यंत जायची कुणाला गरजच वाटत नाही, कारण मठ्ठपणाचं स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या लिहून ठेवलेलं आहे.

त्यात वास. वाहत्या कानाला वास येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शेजारी बसायला मुलं नकार देतात, मग पोराला मागच्या बाकावर एकटं बसवलं जातं. ज्याला आधीच ऐकू येत नाही त्याला फळ्यापासून आणि शिक्षकापासून सगळ्यात लांब. आपल्या आजोबांना वर्गाबाहेर बसवलं तेव्हा कारण विटाळाचं होतं. आज कारण वासाचं आहे आणि तोंडाने जातीचा उच्चारही करावा लागत नाही. प्रत्येक शिक्षक मुद्दाम असं करतो असा माझा आरोप नाही. कित्येक शिक्षक स्वतःच्या खिशातून ड्रॉप आणून देतात, हेही मी पाहिलंय. पण बसायची जागा शेवटी तीच ठरते.

कायद्याकडे वळलो तर तिथेही हे पोर मधल्या फटीत पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत सत्तर डेसिबलचा ऱ्हास असेल तर कर्णबधिर, आणि दोन्ही कानांत साठ ते सत्तर असेल तर श्रवणक्षीण. पडद्याचं छिद्र आणि झिजलेली हाडं मिळून होणारं नुकसान सहसा साठच्या आतच राहतं. म्हणजे दोन्ही कानांत चाळीस-पंचेचाळीस डेसिबल गमावलेलं मूल वर्गात ऐकू शकत नाही, पण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. ना प्रमाणपत्र, ना सवलत, ना परीक्षेत जादा वेळ. शाळा त्याला मठ्ठ म्हणते आणि सरकार त्याला धडधाकट म्हणतं. मला या कायद्याची व्याख्या बदलायची मागणी इथे करायची नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. मला एवढंच दाखवायचंय की या मुलाला प्रमाणपत्राची वाट बघत बसून चालणार नाही. त्याचा एकमेव आधार उपचार हा आहे. आणि उपचार आहेत! यातली संतापजनक गोष्ट हीच. हा काही औषध नसलेला रोग नाही.

पहिला उपचार इतका साधा आहे की त्यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. कान कोरडा करा आणि योग्य थेंब टाका. कोरडा करायचा म्हणजे काडीला कापूस लावून कोरायचा नाही. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात वळायची, कानात अलगद ठेवायची, ओली झाली की काढून नवी ठेवायची, वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीन वेळा. दवाखान्यात सोय असेल तर सक्शनने साफ करतात, ते जास्त चांगलं. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन या गटातले थेंब, डॉक्टर सांगतील तितके, साधारण दोन आठवडे. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, गार थेंबाने गरगरतं. थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढची जी छोटी कुरी असते ती चार-पाच वेळा दाबायची म्हणजे औषध छिद्रातून आत उतरतं, आणि पाचेक मिनिटं कुशीवर पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी कान कोरडा दिसला म्हणून बाटली फेकून द्यायची नाही. आपल्याकडे निम्मे उपचार तिसऱ्या दिवशीच मरतात.

पण प्रत्यक्षात काय होतं? पोर वस्तीतल्या डॉक्टरकडे जातं. तो डॉक्टर खराच असतो की कुणा दवाखान्यातून कंपाउंडरकी शिकून आलेला, हे विचारायची सोय नसते. तो एक इंजेक्शन ठोकतो आणि गोळ्या देतो. आईला बरं वाटतं, कारण सुई टोचल्याशिवाय औषध झालं असं आपल्याला वाटतच नाही. या आजारात मात्र गोळी-इंजेक्शनपेक्षा थेंब जास्त गुणकारी ठरतात, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झालेलं आहे. कारणही समजण्यासारखं आहे. जुनाट वाहत्या कानात बहुधा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो आणि नेहमीची अमॉक्सिसिलीनसारखी गोळी त्याच्यावर चालत नाही. शिवाय गोळीतलं औषध रक्तातून फिरून त्या कोपऱ्यात जेमतेम पोचतं, थेंब थेट जागेवर पडतो. म्हणजे गरीब माणूस महागडा आणि कमी उपयोगी उपचार विकत घेतो आणि शंभर रुपयांच्या आतला उपयोगी उपचार त्याला कुणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नाहीत असं सांगितलं गेलं तर मान हलवून परत येऊ नका. का नाहीत, हे लेखी विचारा.

मेडिकलवाल्याकडून "कानाचं काहीतरी द्या" म्हणून थेंब घेण्यातही धोका आहे. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब पडद्याला छिद्र असताना टाकले तर ते आतल्या कानापर्यंत जाऊन नसेला इजा करू शकतात, आणि ते नुकसान शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. बाटलीवरचं नाव वाचा. वाचता येत नसेल तर कार्यकर्त्याने वाचून द्यावं. पक्षाचं पत्रक वाचून दाखवतो तसंच.

घरगुती उपायांबद्दल एक कडू गोष्ट. आपण धम्म स्वीकारला, घरातला अंगारा-धुपारा गेला, पण लसूण घालून कढवलेलं तेल काही गेलं नाही. फाटलेल्या पडद्यातून तेल आत जातं, तिथे जंतूंना आयतं घर मिळतं. तेल नको, पानांचा रस नको, रस्त्यावर कानातला मळ काढून देणाऱ्याची सळई तर मुळीच नको. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा आणि नंतर काढून टाकायचा, दिवसभर तोच ओला बोळा ठेवायचा नाही. विहिरीत-नदीत सूर मारणं बंद. पोरांना हे पटवणं सगळ्यात कठीण, मला माहीत आहे.

थेंबांनी कान कोरडा होतो, छिद्र मात्र राहतं. पुढची सर्दी आली की पुन्हा वाहतो. म्हणून दुसरा उपचार, पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया. टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. कानाच्या वर डोक्याच्या स्नायूवर एक पातळ आवरण असतं, त्याचा तुकडा काढून छिद्रावर बसवतात. बाहेरून काही आणावं लागत नाही. अनुभवी हातांत दहापैकी आठ-नऊ पडदे धरतात. लहान मुलांत बरेच डॉक्टर आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत थांबतात, कारण ती घशाकडची नळी तोवर नीट वाढलेली नसते. तर "अजून थोडं मोठं होऊ द्या" असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळतायत असं लगेच समजू नका, पण "तोवर कान कोरडा कसा ठेवायचा आणि पुन्हा कधी येऊ?" हे विचारल्याशिवाय उठूही नका. ऑपरेशनच्या आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झालीच पाहिजे. नाहीतर नंतर फायदा झाला की नाही ते कशावरून कळणार?

आता या आजाराचं दुसरं रूप. वर जे सांगितलं ते तुलनेने सौम्य. दुसऱ्या प्रकारात पडद्याच्या वरच्या भागाची कातडी आत ओढली जाते आणि तिची एक पिशवी तयार होते. ती वाढत जाते आणि भोवतालचं हाड कुरतडते. तिला कोलेस्टिआटोमा म्हणतात. स्राव थोडाच असतो, कधी रक्ताळलेला, पण घाण वास येतो. दुखतही नाही फारसं, म्हणूनच फसवतं. कानाच्या वर मेंदू आहे आणि चेहऱ्याची नस कानातूनच जाते. हाड कुरतडलं गेलं की चेहरा वाकडा होणं, चक्कर, मेंदूज्वर, मेंदूत गळू, इथपर्यंत जातं. कानामागे सूज, तोंड वाकडं, भोवळ, तापासोबत भयंकर डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही. माणसं कान वाहण्याने मरतात, हे वाक्य मी वस्तीत बोलते तेव्हा लोक हसतात. मरतात.

या प्रकाराला थेंब पुरत नाहीत. मॅस्टॉइडेक्टॉमी नावाची मोठी शस्त्रक्रिया लागते. कानामागचं हाड उघडून ती पिशवी मुळासकट काढायची. इथे एक गोष्ट घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे: या ऑपरेशनचा पहिला हेतू जीव वाचवणं हा आहे, ऐकू येणं हा नंतरचा. ऐकणं सुधारेलच असं नाही. काही ऑपरेशनमध्ये कानात मोठी पोकळी राहते आणि ती आयुष्यभर अधूनमधून डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते. पिशवी परतही येऊ शकते, म्हणून वर्षानुवर्षं दाखवत राहावं लागतं. हे कुणी समजावून सांगत नाही. मग ऑपरेशननंतर ऐकू आलं नाही की माणसं म्हणतात, "ऑपरेशन फेल गेलं", आणि पुन्हा दवाखान्याचं तोंड बघत नाहीत. त्यात पोकळी सडते. रुग्णाच्या अडाणीपणावर हे ढकलणं सोपं आहे. पण पाच मिनिटं बसून मराठीत समजावून सांगायला डॉक्टरकडे वेळ नसतो, आणि आपल्या माणसाची उलट प्रश्न विचारायची हिंमत होत नाही.

श्रवणयंत्राबद्दलही थोडं. नेत्यांच्या वाढदिवसाला श्रवणयंत्र वाटपाची शिबिरं होतात, फोटो छापून येतात. वाहत्या कानात यंत्राचा साचा बसवला तर कान आणखी कुजतो. आधी कोरडा, मग यंत्र. कानात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय यंत्र वाटणारं शिबिर आपल्या वस्तीत होत असेल तर ते थांबवायची हिंमत आपल्यात असली पाहिजे, मग नेता कुठल्याही रंगाचा असो.

मग प्रश्न उरतो, हे सगळं मिळतं कुठे? मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयात सगळं मिळतं, पैसे मोजा आणि घ्या. सरकारी व्यवस्थेत कानाचा डॉक्टर साधारण जिल्हा रुग्णालयात बसतो. केंद्राच्या २०१२ च्या मानकांत सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ मोजलेले आहेत, कान-नाक-घसा तज्ज्ञ त्यात नाही. म्हणजे तालुक्याच्या आईने एसटीने जिल्ह्याला यायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची, ओपीडीच्या रांगेत नंबर लागेपर्यंत ऑडिओमेट्रीची वेळ संपलेली, "परवा या". दोन फेऱ्यांनंतर तिसरी फेरी होत नाही. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, पंचवीस जिल्ह्यांपासून सुरू झाला. किती कार्यकर्त्यांनी त्याचं नाव ऐकलंय? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकानेही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तसंच. फेब्रुवारी २०१३ मध्ये देशातली त्याची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. ज्या आजारांसाठी मुलं शोधायची त्यांच्या यादीत मधल्या कानाचा संसर्ग नाव घेऊन लिहिलेला आहे, आणि सापडलेल्या मुलाचा पुढचा उपचार, लागली तर शस्त्रक्रियाही, मोफत करायची आहे. कागद असा स्वच्छ आहे. फिरतं पथक शाळेत येतं तेव्हा मात्र एका दिवसात सगळी शाळा उरकायची असते. वजन, उंची, डोळे, दात. कानात कुणी डोकावलं का, हे मुलांनाच विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, निदान कागदावर असतात. पथक येणार त्या दिवशी त्यांनी शाळेत हजर राहायचं आणि वाहत्या कानाच्या मुलांची यादी हातात ठेवायची. यादीतल्या प्रत्येकासाठी पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागायची. हे करायला मोर्चा लागत नाही.

मोठ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा त्यात वेगळा विभाग आहे. संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढवायचा आणि सगळ्या रेशनकार्डधारकांना घ्यायचा निर्णय २०२३ साली झाला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याला गाठा, आपलं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं ते विचारा, आणि मग भरती व्हा. आधी पैसे भरून नंतर योजना शोधली तर हाती काही लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्याही मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे ही सूट धरून चालू नका.

"योजनांची माहिती देणं म्हणजे चळवळ नव्हे" असा आक्षेप येणार. १९४२ ते ४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी त्याच काळातली, १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा पुढे त्यातूनच उभा राहिला. आजारी पडलेल्या मजुराची मजुरी बुडते, ती कोण भरणार, असा अगदी तपशिलाचा प्रश्न त्यांच्या खात्याने घेतला होता. आणि भगवान बुद्धांनी अतिसाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूला आनंदासोबत स्वतः धुऊन काढलं, ही विनयपिटकातली हकीकत आपण वर्षावासात ऐकतो. मग विहारातल्या रविवारच्या वर्गात वासाच्या कानाचं पोर कोपऱ्यात का बसतं? तिथे दहा मिनिटांत एक चाचणी होऊ शकते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, त्याचा एक कान बंद करायला सांगायचं आणि दोन-तीन आकडे कुजबुजायचे. म्हणता आले नाहीत तर दुसरे आकडे घेऊन पुन्हा एकदा. तरी नाही आले तर कान तपासायला पाठवायचं. डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही.

जयंतीच्या डीजेबद्दल बोललं की पोरं चिडतात, तरी बोलते. डीजेने पडदा फुटून कान वाहायला लागतो असं नाही. तो वेगळ्या मार्गाने, नसेवर घाव घालून बहिरं करतो. पण त्याच्या एका रात्रीच्या भाड्यात एका वस्तीतल्या सगळ्या पोरांचे थेंब, जिल्ह्याला न्यायच्या गाडीचं डिझेल आणि आईच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे निघतात. हिशेब मंडळाच्या वहीत मांडून बघा. मग चिडा.

आणि ज्यांना कान हा बायका-पोरांचा विषय वाटतो त्या तरुणांसाठी. पहाटे चारला उठून मैदानावर धावणारी आपली पोरं मी रोज बघते. दोन-दोन वर्षं धावतात, धावण्यात पास होतात, आणि सैन्य भरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर कानात बॅटरी मारतो आणि अपात्र लिहितो. पडद्याला छिद्र. पोराला स्वतःलाच माहीत नसतं, कारण कान वाहायचा थांबला त्याला पाच वर्षं झालेली असतात. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, हे आपण भाषणात सांगतो. आज त्या दारातून पोर परत येतं ते एका न भरलेल्या छिद्रामुळे. अकादमीवाले छाती आणि उंची मोजून फी घेतात, पहिल्या दिवशी कान बघायला काय हरकत आहे? दोन वर्षं हातात असताना कळलं तर काही करता येतं. भरतीच्या दिवशी कळून काय उपयोग?

माझी या वर्षापुरती सूचना एकच आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका कार्यकर्त्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून नेमकं विचारा: कान-नाक-घसा तज्ज्ञांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. कानाच्या शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप आणि ऑडिओमीटर चालू आहे का, नसेल तर कधीपासून बंद. गेल्या तीन वर्षांत पडद्याच्या आणि मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रिया वर्षनिहाय किती झाल्या. बाल स्वास्थ्य पथकांनी कानासाठी किती मुलं पाठवली आणि त्यातल्या कितींवर उपचार झाले. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड जोडलं तर तीही माफ. उत्तरं आली की मला पाठवा, जिल्हावार तक्ता मी करते.